औषध केव्हा घ्यायचे? वेळ ठरवण्यामागची कारणे

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर औषधाच्या नावापुढे '१-०-१' असे लिहिलेले तुम्ही पाहिले असेल. सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. ही खूण देशभर चालते. चिठ्ठी कोच्चीची असो की गुवाहाटीची, ती वाचायला भाषा लागत नाही. पण या तीन आकड्यांत एक गोष्ट मावत नाही. सकाळी म्हणजे नेमके केव्हा? उठल्याबरोबर, चहाआधी, की नाश्ता झाल्यावर? रात्री म्हणजे जेवताना की अंथरुणावर पडताना? काही औषधांच्या बाबतीत यातले काहीही चालते. काहींच्या बाबतीत मात्र गोळी वर्षभर न चुकता घेऊनही आजार आटोक्यात येत नाही आणि दोष औषधाला दिला जातो.

या पाठात आपण वेळ ठरवण्यामागची कारणे समजून घेणार आहोत. कारणे कळली तर चिठ्ठीकडे बघून योग्य प्रश्न विचारता येतात. घरात कोणाचे औषध चालू असेल, तर त्याची वेळ हा पाठ वाचून परस्पर बदलू नका. डॉक्टरांना किंवा फार्मासिस्टला विचारा.

पोट रिकामे की भरलेले?

सर्वांत जुना आणि आजही सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे. आपल्याकडे सुश्रुतसंहितेत औषध घेण्याचे दहा काल सांगितले आहेत. उपाशीपोटी घ्यायचे ते अभक्त, जेवणाच्या लगेच आधीचे प्राग्भक्त, जेवणानंतरचे अधोभक्त, अन्नात मिसळून घ्यायचे सभक्त, घासागणिक घ्यायचे ते ग्रास, अशी ही यादी आहे. त्यामागची उपपत्ती आजच्या औषधशास्त्रापेक्षा वेगळी आहे. पण वेळ घड्याळावरून न मोजता जेवणावरून मोजायची, ही पद्धत आजही तशीच टिकून आहे.

गिळलेली गोळी जठरात विरघळते आणि बहुतेक औषधे लहान आतड्यातून रक्तात शिरतात. वाटेत अन्न असेल तर तीन गोष्टी घडू शकतात: औषध आतड्यात पोचायला उशीर होतो, अन्नातला एखादा घटक औषधाला बांधून ठेवतो, किंवा उलट अन्नामुळे शोषण सुधारते.

थायरॉइडची गोळी, म्हणजे लेव्होथायरॉक्सिन, हे याचे ठळक उदाहरण आहे. ती उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर आणि नाश्त्याच्या अर्धा ते एक तास आधी घ्यायची असते. कॅल्शियम आणि लोह तिला आतड्यात बांधून ठेवतात, म्हणून त्या गोळ्यांत आणि हिच्यात चार तासांचे अंतर ठेवायला सांगतात. कॉफीनेही तिचे शोषण घटते. गंमत अशी की हे औषध शरीरात खूप काळ टिकते. त्याची रक्तातली मात्रा निम्मी व्हायला सुमारे सात दिवस लागतात. तेव्हा सकाळचे सहा की आठ, याने तिला काही फरक पडत नाही. फरक पडतो तो त्या वेळी पोटात काय आहे याने. म्हणूनच ती रात्री झोपताना घेतली तरी चालते का, हे नेदरलँड्समध्ये तपासले गेले. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात रात्री घेणाऱ्यांची संप्रेरकांची पातळी किंचित चांगलीच आढळली. अट एकच, शेवटचे खाणे होऊन तीन तास झालेले असावेत. रात्री साडेनऊला जेवून अकराला झोपणाऱ्या घरांत ही अट पाळणे अवघड आहे, हे वेगळे सांगायला नको.

लोहाच्या गोळीची कथा थोडी गुंतागुंतीची आहे. शाळेत आठवड्यातून एकदा मिळणारी निळी गोळी तुमच्यापैकी अनेकांनी घेतली असेल. त्या गोळीत लोह आणि फॉलिक आम्ल असते. लोह उपाशीपोटी जास्त चांगले शोषले जाते, तरीही शाळेत ती जेवणानंतर द्यायला सांगतात. कारण उपाशीपोटी घेतल्यास अनेकांना मळमळते, आणि एका वर्गात चार मुलींना मळमळ झाली की पुढच्या आठवड्यात निम्मा वर्ग गोळी खिशात टाकतो. शोषण थोडे कमी झाले तरी चालेल, पण गोळी पोटात गेली पाहिजे, असा हा हिशोब आहे. माझ्या मते तो बरोबर आहे. चहाबरोबर घेणे मात्र पूर्ण चूक, कारण चहातील टॅनिन लोहाला अडवते. लिंबूपाणी उलट मदत करते. लोहाची एक मात्रा घेतली की हेप्सिडिन हे संप्रेरक वाढते आणि सुमारे एक दिवस आतड्याचे दार अर्धवट लावून घेते. स्वित्झर्लंडमध्ये तरुण स्त्रियांवर झालेल्या अभ्यासांत म्हणूनच एक दिवसाआड घेतलेल्या गोळीतून दर गोळीमागे जास्त लोह शोषले गेले.

क्षयरोगावरचे रिफाम्पिसिनही उपाशीपोटी चांगले शोषले जाते. याउलट मधुमेहातले मेटफॉर्मिन जेवणाबरोबर घेतले तर पोट बिघडण्याचे प्रमाण कमी होते, आणि आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामके काहीतरी खाऊन घेतात.

गोळीचा परिणाम किती वेळ टिकतो?

औषधाची रक्तातली मात्रा निम्मी व्हायला जितका वेळ लागतो त्याला त्या औषधाचे अर्धायुष्य म्हणतात. वेळेबद्दलच्या निम्म्या शंका या एका संख्येने सुटतात.

कोलेस्टेरॉलवरच्या औषधांकडे पाहा. आपले यकृत कोलेस्टेरॉल बनवण्याचे काम रात्री जास्त करते. सिम्व्हास्टॅटिनचे अर्धायुष्य दोन-तीन तासांचेच असल्यामुळे ते संध्याकाळी किंवा रात्री घ्यायला सांगतात. सकाळी घेतले तर खरे काम सुरू होईपर्यंत ते ओसरून गेलेले असते. एटोर्व्हास्टॅटिनचे अर्धायुष्य सुमारे १४ तास, रोझुव्हास्टॅटिनचे सुमारे १९ तास. ही दोन्ही दिवसात केव्हाही घेतली तरी चालतात. तरीही आपल्याकडे '०-०-१' लिहायची सवय राहिली आहे. ती जुन्या औषधाबरोबर आलेली सवय आहे. तिने नुकसान काही होत नाही, पण सकाळी घेणे सोयीचे असेल तर तसे विचारायला हरकत नाही.

दुसऱ्या टोकाला अमॉक्सिसिलिन आहे. त्याचे अर्धायुष्य जेमतेम एका तासाचे. जिवाणूंवर मात करायची तर रक्तातली मात्रा दिवसाचा बराच भाग ठरावीक पातळीच्या वर राहावी लागते. '१-१-१' लिहिलेले असताना सकाळी आठ, दुपारी एक आणि संध्याकाळी सात अशा गोळ्या घेतल्या, तर रात्रीचे तेरा तास रिकामे जातात. इथे १-१-१ चा अर्थ 'साधारण दर आठ तासांनी' असा आहे. सकाळी सात, दुपारी तीन, रात्री अकरा हे त्याच्या जास्त जवळचे.

मात्र अर्धायुष्यावर डोळे झाकून विसंबू नका. आम्लपित्तासाठी घेतले जाणारे पँटोप्राझोल रक्तातून तासाभरात निम्मे होते, तरी त्याचा परिणाम दिवसभर राहतो. जठरात आम्ल सोडणाऱ्या 'पंपां'ना ते कायमचे निकामी करते आणि शरीराला नवे पंप बनवावे लागतात. पण ते चालू असलेल्या पंपांनाच पकडू शकते, आणि जेवण सुरू झाले की पंप चालू होतात. म्हणून गोळी नाश्त्याच्या साधारण अर्धा तास आधी घेतात. पोट जळजळायला लागल्यावर रात्री बाराला घेतलेल्या पँटोप्राझोलचा तत्काळ उपयोग फारसा नसतो, तो याचमुळे.

शरीराचे घड्याळ

मेंदूच्या तळाशी, डोळ्यांकडून येणाऱ्या मज्जातंतूंच्या चौकाजवळ, सुमारे २०,००० पेशींचा एक पुंजका असतो. तो शरीराचे मुख्य घड्याळ चालवतो. असे घड्याळ पेशीत कसे चालते हे फळमाश्यांवर शोधून काढल्याबद्दल जेफ्री हॉल, मायकल रोसबॅश आणि मायकल यंग यांना २०१७चे नोबेल पारितोषिक मिळाले. कॉर्टिसॉल हे संप्रेरक पहाटेपासून चढते, सकाळी शिखर गाठते आणि मध्यरात्रीच्या सुमारास तळाला जाते. झोपेत रक्तदाब १० ते २० टक्के उतरतो आणि जाग आल्यावर चढतो. दम्याचा त्रास पहाटे वाढतो.

प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड कॉर्टिसॉलसारखे काम करते. ते सकाळी नाश्त्यानंतर देण्याचे कारण हेच: शरीर स्वतः ज्या वेळी कॉर्टिसॉल सोडते त्याच वेळी बाहेरचे दिले, तर अधिवृक्क ग्रंथींचे काम त्यातल्या त्यात कमी दबते. शिवाय रात्री घेतल्यास झोप उडते. संधिवाताच्या एका प्रकारात, ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसमध्ये, मात्र सांधे सकाळी आखडलेले असतात, कारण दाह वाढवणारी रसायने पहाटे वाढतात. मग सकाळी आठला घेतलेले औषध उशिरा पोचते. यावर उपाय म्हणून रात्री दहाला गिळायची आणि चार तासांनी, म्हणजे पहाटे दोनला, आतले औषध सोडणारी गोळी तयार झाली. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तिने सकाळचा ताठरपणा कमी झाला. घड्याळाचा असा नेमका उपयोग झाल्याची उदाहरणे फार नाहीत.

इथे आपल्या देशाबद्दल एक गोष्ट लक्षात घ्या. शरीराचे घड्याळ लागते ते उजेडाने, भारतीय प्रमाणवेळेने नव्हे. जूनमध्ये अरुणाचल प्रदेशाच्या पूर्व टोकाला पहाटे साडेचारच्या आत सूर्य उगवलेला असतो, आणि द्वारकेला सहा वाजून गेलेले असतात. आसामच्या चहामळ्यांत तर प्रमाणवेळेच्या तासभर पुढे असलेली 'चायबागान' वेळ पाळली जाते. म्हणून पाठ्यपुस्तकातले 'सकाळी आठ' हे तुमच्या उठण्याच्या वेळेशी जोडून वाचा. बंगळूर किंवा गुरुग्राममध्ये रात्रपाळी करून सकाळी नऊला झोपणाऱ्याने तर डॉक्टरांना आपली पाळी सांगितलीच पाहिजे. चिठ्ठीवरचा पहिला '१' त्याच्यासाठी बहुधा संध्याकाळचा असतो.

रक्तदाबाची गोळी रात्री घ्यावी का?

हा भाग जरा सावकाश वाचा. जीवशास्त्र पटण्यासारखे असले तरी निष्कर्ष चुकू शकतो, याचे इतके चांगले उदाहरण क्वचित मिळते.

हृदयविकाराचे झटके सकाळच्या तासांत जास्त येतात, हे १९८०च्या दशकापासून माहीत आहे. रक्तदाबही त्याच वेळी चढतो. मग गोळी रात्री घेतली, तर पहाटेची चढण सौम्य होईल आणि झटके कमी होतील, असे वाटणे साहजिक होते. २०१९ मध्ये स्पेनमधल्या 'हायजिया' या अभ्यासाचे निष्कर्ष आले. १९,०८४ रुग्ण, सहा वर्षांहून थोडा जास्त पाठपुरावा, आणि रात्री गोळी घेणाऱ्यांत हृदय व रक्तवाहिन्यांचे गंभीर विकार सुमारे ४५ टक्क्यांनी कमी. बातमी जगभर गेली. अनेकांनी आपापल्या गोळ्या रात्री घ्यायला सुरुवात केली.

पण जाणकारांना आकडाच खटकला. गोळी तीच, मात्रा तीच, फक्त वेळ बदलली आणि धोका जवळजवळ निम्मा? रक्तदाबावरचे औषध मुळात देण्या-न देण्यानेही एवढा फरक पडणे कठीण. रुग्णांची विभागणी खरोखर चिठ्ठ्या टाकल्यासारखी झाली होती का, यावरही प्रश्न उठले.

२०२२ मध्ये ब्रिटनमधल्या 'टाइम' या चाचणीचे उत्तर आले. २१,१०४ जणांना यादृच्छिक पद्धतीने दोन गटांत वाटले होते. एका गटाने गोळी सकाळी सहा ते दहाच्या दरम्यान घेतली, दुसऱ्याने रात्री आठ ते बाराच्या. पाच वर्षांहून जास्त पाठपुराव्यानंतर हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा रक्तवाहिन्यांच्या विकाराने मृत्यू यांचे प्रमाण रात्रीच्या गटात ३.४ टक्के आणि सकाळच्या गटात ३.७ टक्के होते. हा फरक योगायोगाने पडू शकतो इतका लहान आहे. २०२५ मध्ये कॅनडातल्या 'बेडमेड' चाचणीनेही वेळेमुळे फरक पडत नसल्याचेच दाखवले.

'टाइम'मधला आणखी एक आकडा मला जास्त बोलका वाटतो. ठरलेल्या वेळी गोळी घेणे कधी ना कधी जमले नाही, असे रात्रीच्या गटातल्या ३९ टक्के लोकांनी सांगितले. सकाळच्या गटात हे प्रमाण २२.५ टक्के होते. सकाळी दात घासणे, चहा, आंघोळ अशी रोजची साखळी असते आणि गोळी तिच्यात अडकवता येते. रात्री कोणी दूरचित्रवाणीसमोरच झोपतो, कोणी लग्नाच्या जेवणाहून उशिरा येतो. रक्तदाबाच्या साध्या गोळीसाठी चांगली वेळ म्हणजे जी वेळ चुकत नाही ती. अम्लोडिपिनचे अर्धायुष्य ३० ते ५० तासांचे आहे. त्याला दिवस-रात्र सारखेच.

लघवी वाढवणारी औषधे मात्र अपवाद. फ्युरोसेमाइडचा जोर सुमारे सहा तास राहतो. ते रात्री घेतले तर वयस्कर माणूस तीनदा उठतो, आणि अंधारात न्हाणीघराकडे जाताना पडून मांडीचे हाड मोडणे ही किरकोळ गोष्ट नाही. सेटिरिझिनने पेंग येते, म्हणून ते बहुधा रात्री. मुरुमांसाठी तुमच्या वयाच्या अनेकांना मिळणारे डॉक्सिसायक्लिन अगदी झोपताना, घोटभर पाण्याने घेऊ नये. कॅप्सूल अन्ननलिकेत चिकटून तिथे व्रण करू शकते. पेलाभर पाण्याने घ्या आणि नंतर निदान अर्धा तास आडवे होऊ नका.

एक चिठ्ठी सोडवू

समजा तुमची मावशी ५८ वर्षांची आहे. तिला लेव्होथायरॉक्सिन १-०-०, पँटोप्राझोल १-०-०, अम्लोडिपिन १-०-०, लोह १-०-०, मेटफॉर्मिन १-०-१, कॅल्शियम ०-१-० आणि एटोर्व्हास्टॅटिन ०-०-१ अशी औषधे आहेत. मावशी शिस्तीची आहे. सकाळच्या पाचही गोळ्या ती चहाबरोबर एकदम घेते. दर तीन महिन्यांनी थायरॉइडचा अहवाल बिघडलेला येतो आणि मात्रा वाढवली जाते. रक्तही वाढत नाही.

चूक कुठे आहे हे आता तुम्हाला दिसेल. चहा आणि लोह यांनी थायरॉक्सिनला अडवले, चहाने लोहालाही अडवले. सुधारायचे कसे? उठल्यावर नुसत्या पाण्याबरोबर थायरॉक्सिन. अर्ध्या तासाने पँटोप्राझोल. आणखी अर्ध्या तासाने नाश्ता, त्याबरोबर मेटफॉर्मिन आणि अम्लोडिपिन. लोह अकराच्या सुमारास, लिंबूपाण्याबरोबर. कॅल्शियम दुपारऐवजी रात्रीच्या जेवणात, म्हणजे लोहापासून लांब. कॅल्शियम कार्बोनेट तसेही अन्नाबरोबरच चांगले शोषले जाते. रात्रीचे मेटफॉर्मिन आणि एटोर्व्हास्टॅटिनही त्याच वेळी.

कागदावर हे छान दिसते. पण मावशी शाळेत शिकवत असेल आणि अकराला तिचा तास असेल, तर लोहाची गोळी पर्समध्येच राहील. तेव्हा डॉक्टरांना दोन प्रश्न विचारायचे. लोह एक दिवसाआड, दुपारी घरी आल्यावर घेतले तर चालेल का? आणि पँटोप्राझोल अजून लागते का? आम्ल कमी झाले की थायरॉक्सिन, लोह आणि कॅल्शियम कार्बोनेट या तिन्हींचे शोषण घटू शकते, आणि आपल्याकडे 'गॅसची गोळी' एकदा सुरू झाली की ती बंद करायची आठवण कोणालाच राहत नाही. वेळा बदलल्यावर थायरॉइडची तपासणी सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा करून घ्यावी लागते, कारण शोषण सुधारले तर वाढवलेली मात्रा आता जास्त होऊ शकते. म्हणूनच असा बदल डॉक्टरांच्या नकळत करायचा नसतो.

मावशी रोजा किंवा नवरात्राचा उपवास धरत असेल, तर हे सगळे पुन्हा मांडावे लागेल. नुसत्या मेटफॉर्मिनने साखर धोकादायक पातळीवर उतरणे विरळ आहे. पण ग्लिमेपिराइडसारखी गोळी पोटात अन्न असो वा नसो, इन्सुलिन सोडायला लावते. रमजानमध्ये दिवसातून एकदाची अशी गोळी बहुधा इफ्तारच्या वेळेला हलवतात आणि गरज पडल्यास मात्रा कमी करतात. छठचा ३६ तासांचा निर्जळी उपवास तर लघवी वाढवणारे औषध चालू असताना आणखी धोक्याचा. हे बोलणे उपवास सुरू होण्याआधी काही आठवडे व्हायला हवे. उपवासाच्या दिवशी गोळी हातात घेऊन विचार करायची वेळ येऊ नये.

स्वाध्याय

१. लेव्होथायरॉक्सिनचे अर्धायुष्य सात दिवसांचे असूनही त्याच्या वेळेला महत्त्व का आहे? पँटोप्राझोलचे एक तासाचे असूनही ते दिवसातून एकदा पुरते, ते का?

२. 'हायजिया'चा निष्कर्ष केवळ आकड्याच्या आकारावरून संशयास्पद का वाटला, हे पाच-सहा वाक्यांत लिहा.

३. घरातल्या एखाद्या व्यक्तीची चालू चिठ्ठी त्यांच्या संमतीने पाहा. प्रत्येक औषधासमोर लिहा: वेळ कशामुळे ठरली आहे, अन्नामुळे, अर्धायुष्यामुळे, शरीराच्या घड्याळामुळे, दुष्परिणामांमुळे की सवयीमुळे? ज्यांचे कारण सापडले नाही ती औषधे वेगळी काढा आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारायचे प्रश्न तयार करा.